श्रद्धेचा कस घरातच

वसई म्हटले की बाहेरच्या माणसाला किल्ला, सुकेळी आणि फुलांच्या वाड्या आठवतात. इथल्या कॅथलिक घरांची साडेचारशे वर्षांची श्रद्धा सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. १५३४ मध्ये पोर्तुगीज आले आणि त्यांच्याबरोबर हा धर्म आला. त्या काळच्या धर्मांतरांत सत्तेचा दबाव होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, राजाश्रय संपला, आणि तरीही सामवेदी आणि वाडवळ घरांतली प्रार्थना थांबली नाही. सत्ता गेल्यावर टिकलेल्या या श्रद्धेला आता सुबत्ता, वेळापत्रक आणि मुलांचे प्रश्न यांना तोंड द्यायचे आहे.

परंपरा म्हणजे काय, यावरच घोटाळा आहे. काहींना जुनी लॅटिन मिस्सा हवी असते. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मातृभाषेतील उपासनेला वाट करून दिली. पुढे २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जुन्या विधीला सवलत दिली आणि २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती आवळली. वाद लहान नाही. पण मराठी ख्रिस्ती माणसाने एक विसरू नये. फादर स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. आपल्या भाषेतली प्रार्थना ही आपल्याकडे काही कालची टूम नव्हे.

मग ढिले पडले ते काय? दिवेलागणीची जपमाळ! आजी पुढे म्हणायची, घर मागून म्हणायचे, धाकटे नातवंड मध्येच पेंगायचे. तिच्यावर पहिला घाला मालिकांनी घातला. सगळे खापर मोबाइलवर फोडणे अन्यायाचे होईल. वाडी विकून सदनिका आली, चर्चगेटची लोकल उशिरा घरी सोडू लागली. २०२० मध्ये टाळेबंदीत चर्चची दारे बंद झाली तेव्हा पडद्यावरची मिस्सा हा आधार होता. दारे उघडल्यावरही काहींना सोफा सुटला नाही.

अधिक अवघड आहे तो मुलांच्या लग्नांचा प्रश्न. मुलगी परधर्मीय मुलाचे नाव घेते आणि घरात सुतक पडते. चर्चचा नियम आईबाप समजतात तितका एकेरी नाही. पूर्वपरवानगी लागते, संततीचा स्नानसंस्कार आणि संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावे यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन कॅथलिक व्यक्तीने द्यायचे असते. १९७० पासून दुसऱ्या पक्षाकडून तसे वचन घेतले जात नाही, त्याला याची कल्पना दिली जाते. म्हणजे सारा भार त्या मुलीवर. जिने घरात कधी मनापासून प्रार्थना केली नाही, ती हे वचन कशाच्या बळावर पाळणार? लग्नाच्या वेळी रागावणाऱ्या बापाने आधीची वीस वर्षे आठवावीत.

आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प करू नये. विश्वाच्या उत्पत्तीचा महास्फोटाचा विचार मांडणारे जॉर्ज लेमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरूच होते, हे किती पालक सांगतात? धर्मगुरूंकडून झालेल्या बाल अत्याचारांबद्दल मुलगा विचारील, तर तेही झाकू नये. खुद्द व्हॅटिकनने २०१९ मध्ये त्यावर जगभरच्या बिशपांची परिषद बोलावली होती. लपवाछपवीने श्रद्धेचे जितके नुकसान झाले तितके नास्तिकांनी केले नसेल.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) वसईच्या हिरवाईसाठी रस्त्यावर उतरले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरू म्हणून त्यांच्या निवडीला काहींनी विरोधही केला. झगा न उतरवता ते मराठी समाजात मिसळले. ठाम राहायला कुंपण लागतेच असे नाही.

तेव्हा धर्मग्रामांनी नुसते उपदेश करण्यापेक्षा घरांची बदललेली वेळ ओळखावी. जपमाळेची पाच दशके होत नसतील तर एक म्हणावे. सातला जमत नसेल तर साडेनऊला, घरातला शेवटचा माणूस लोकलमधून उतरून आल्यावर.