गरम पाण्याचा पाइप कोणाचा?

"गिझर तुम्ही वापरता, मग बघा तुम्हीच." हे वाक्य घरमालकांना कोण शिकवतं कुणास ठाऊक! आमची इमारत पुनर्विकासाला गेल्यापासून आम्ही पुण्यात भाड्याने राहतो, सर्वांत वरच्या मजल्यावर. गार नळाखाली 20 लिटरची बादली तीन मिनिटांत भरते, गरम नळाखाली दहा. सासूबाई पंचाऐंशीच्या. सकाळी मंदिरात जायच्या आधी आंघोळ हवीच, आणि थंडीत त्या तांब्या-तांब्याला थांबून कुडकुडतात.

मालक म्हणतात, "वरच्या मजल्यावर असंच असतं." असं नसतं हो! टाकी नळापेक्षा जितकी उंच तितका दाब. दहा मीटरला साधारण एक बार. आम्हाला दोन-तीन मीटरच मिळतात, कबूल. पण मग गार पाणीही रडतच आलं असतं, टाकी तर एकच आहे. गरमच अडतं, म्हणजे अडथळा गिझरच्या वाटेवर: अर्धवट उघडा कॉक, चिकटलेला व्हॉल्व्ह, बोअरच्या पाण्याचे क्षार, नाहीतर गंजलेला लोखंडी पाइप. प्लंबरने जोड खोलून दाखवला. गंजाने इतका भरलेला, की आत करंगळी जाईना.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, पंप बसवून टाका. का म्हणून? पंपाचे पैसे आपले, विजेचं बिल आपलं, आणि जुना पाइप फुटला की खालच्यांच्या छताची भरपाईही आपलीच!

मी बी.कॉम. आहे. नळाचा वॉशर हा महसुली खर्च, तो मी करीन. पाइप हा भांडवली खर्च. आम्ही दोन वर्षांत जाऊ, पाइप मालकांच्या भिंतीत राहील. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यातही हीच वाटणी आहे: पाइप बदलणं मालकाकडे, वॉशर आणि गिझरदुरुस्ती भाडेकरूकडे. (हो, गिझर आपल्याकडेच. तिथे वाद नको.) पण तो राज्यांसाठी नमुना आहे, म्हणून मैत्रिणींनो, किल्ली घेण्याआधी ही वाटणी करारात लिहून घ्या. आणि दोन्ही नळ सोडून बघा. हॉलची खिडकी बघून होकार देऊ नका.

पाइप आम्ही बदलून घेतो, पावती देतो, रक्कम भाड्यातून वळती करा, असं मालकांना लेखी कळवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.