निकालापलीकडची अरुणा

कायद्याच्या विद्यार्थ्याला अरुणा शानबाग हे एका निकालाचे नाव म्हणून माहीत असते. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या या निकालाने काटेकोर अटींवर निष्क्रिय इच्छामरणाची वाट देशात पहिल्यांदा मोकळी केली. जुन्या वाचकांना अरुणा आठवते ती २७ नोव्हेंबर १९७३च्या रात्रीमुळे. परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांशी तिचे नाते मात्र रोजच्या कामाचे होते. तिचे अंग पुसायचे, तिला भरवायचे, तिची कूस बदलायची. अरुणाबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले, पण या कामाच्या वाट्याला त्यातल्या जेमतेम चार ओळी आल्या.

अरुणा उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरची. केईएममध्ये ती परिचारिका होती आणि त्याच रुग्णालयातल्या एका डॉक्टरांशी तिचे लग्न ठरले होते. वय पंचविशीचे. ड्युटी संपल्यावर ती तळघरात कपडे बदलत असताना तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. दृष्टी गेली, वाचा गेली, हातापायांवरचा ताबा गेला. हल्लेखोराला शिक्षा झाली ती जबरी चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल, सात वर्षांची. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही. असा अत्याचार बलात्काराच्या व्याख्येत यायला २०१३ची कायदादुरुस्ती व्हावी लागली.

हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला. अरुणासाठी न्याय आणि स्वतःसाठी कामाची सुरक्षित जागा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. संप मिटला, माणसे कामावर परतली आणि वॉर्ड नंबर चारजवळच्या एका खोलीत ती शुश्रूषा सुरू झाली, जी १८ मे २०१५ रोजी अरुणाचा न्यूमोनियाने मृत्यू होईपर्यंत थांबली नाही.

साडेएकेचाळीस वर्षांची शुश्रूषा म्हणजे नेमके काय, हे अंथरुणाला खिळलेले माणूस घरात असलेल्यांना सांगावे लागत नाही. ज्याला स्वतःहून हलता येत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, हा परिचर्येतला पहिला धडा. टाच, माकडहाड, खांदा, जिथे हाड कातडीजवळ असते तिथे दाब पडून रक्त थांबते, कातडी लाल होते, मग फुटते. दोन तासांचा हा नियम धरला तर अरुणाची कूस एकूण पावणेदोन लाखांहून अधिक वेळा बदलली गेली असली पाहिजे. त्याशिवाय अंग पुसणे, चादर ओढून सरळ करणे, मऊ केलेले अन्न ठसका न लागू देता भरवणे. गिळताना घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनियाचा धोका. २०१०मध्ये तिला मलेरिया झाला आणि नळीने अन्न द्यावे लागू लागले. तोवर ती तोंडानेच खात होती. तिला मासे आणि चिकनचे सूप आवडते, खोलीत गर्दी झाली की ती आवाज करून नापसंती दाखवते, अंगावरून हात फिरवला की शांत होते, असे रुग्णालयाने न्यायालयाला कळवले होते. इतक्या वर्षांत तिला एकही शय्याव्रण झाला नाही, याची न्यायालयाने निकालात नोंद घेतली.

शय्याव्रण न होणे ही बातमी होत नाही. पण वैद्यकीय जगात ज्याला हे काम कळते तो या एका ओळीपुढे थबकतो.

हल्ल्याच्या वेळी ज्या मुली अरुणाच्या बरोबरीच्या होत्या, त्या पुढे हेड सिस्टर झाल्या, मेट्रन झाल्या, निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या कितीतरी मुलींचा १९७३ साली जन्मही झालेला नव्हता. एकत्र कुटुंबातल्या आजारी आत्याची जबाबदारी सासूकडून सुनेकडे यावी, तशी अरुणा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आली. रुग्णालयातल्या विद्यार्थ्यांना तिच्याबद्दल सांगितले जाई. १९८०च्या दशकात महापालिकेने तिला केईएमबाहेर हलवून खाट मोकळी करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा परिचारिका उभ्या राहिल्या आणि महापालिकेला माघार घ्यावी लागली.

याला दुसरी बाजू आहे आणि ती हलकी नाही. पत्रकार पिंकी विराणी यांनी १९९८मध्ये अरुणावर पुस्तक लिहिले आणि पुढे तिचे अन्न थांबवावे म्हणून न्यायालयात याचिका केली. अशा अवस्थेतले जगणे लांबवणे ही सेवा की छळ, हा त्यांचा प्रश्न होता. न्यायालयाने तीन डॉक्टरांच्या समितीकडून अरुणाची तपासणी करवून घेतली आणि याचिका फेटाळली. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिला वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे म्हटले. पण त्याच निकालात निष्क्रिय इच्छामरणाची तत्त्वे घालून दिली आणि २०१८मध्ये घटनापीठाने ती वाट आणखी रुंद केली. आज एखादे कुटुंब अतिदक्षता विभागाबाहेर बसून तो अवघड निर्णय घेऊ शकते, त्यात विराणी यांच्या हरलेल्या याचिकेचा वाटा आहे. परिचारिकांचे कौतुक करताना हे विसरण्याचे कारण नाही.

मात्र कौतुकाचा सूर कुठला असावा, याबद्दल वाद घालायला हवा. न्यायालयापासून अग्रलेखांपर्यंत सगळ्यांनी या शुश्रूषेचे वर्णन समर्पण, त्याग, प्रेम अशा शब्दांत केले. प्रेम होतेच. पण केवळ प्रेमाने चाळीस वर्षे पाळ्या भरत नाहीत. सकाळ, दुपार, रात्र, प्रत्येक पाळीत माणूस हजर असावे लागते, मागच्या पाळीने पुढच्या पाळीला चार्ज द्यावा लागतो, आजची नवी सिस्टर उद्या टिकून जुनी व्हावी लागते. हे शक्य झाले, कारण त्या महापालिकेच्या कायम सेवेत होत्या. नोकरी पक्की होती, संघटना पाठीशी होती आणि वरिष्ठांना ‘नाही’ म्हणण्याची ताकद होती. अरुणाची खाट वाचली ती या ताकदीने.

नेमकी हीच व्यवस्था आज उसवते आहे. मे २०२२च्या अखेरीस राज्यातल्या सरकारी रुग्णालयांतील परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा बाह्य संस्थेमार्फत कंत्राटी भरती नको, ही त्यांची मुख्य मागणी होती. रुग्णांचे हाल झाले, टीका झाली. परंतु कंत्राटी परिचारिकेला रुग्णाची ओळख होते तोवर तिची मुदत संपत आलेली असते. जिला पुढच्या वर्षीची खात्री नाही, ती वॉर्डातल्या गैरप्रकाराविरुद्ध तोंड कसे उघडणार? ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्यातील डॉक्टर तरुणीच्या हत्येनंतर सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयांतील सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमले आणि त्या वेळी अरुणाचा उल्लेख केला. सुरक्षित चेंजिंग रूम आणि रात्रपाळीतली सुरक्षा हे विषय पन्नास वर्षांनंतरही मागणीपत्रावरच आहेत.

केईएम १९२६ साली सुरू झाले. शताब्दीच्या निमित्ताने इमारतींचे आणि नामवंत डॉक्टरांचे ग्रंथ निघतील, ते निघावेतही. त्यासोबत महापालिकेने एक साधे काम करावे: अरुणाला सांभाळणाऱ्या निवृत्त परिचारिकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. अरुणाच्या बरोबरीच्या आता सत्तरीपार आहेत, तेव्हा फार थांबता येणार नाही. अरुणाला कसे भरवायचे, ती केव्हा चिडायची, रात्री तिच्याजवळ कोण बसायचे, हे त्या सांगतीलच. पण हातात अकरा महिन्यांचा करार असता तर १९७३चा संप आणि खाटेसाठीचा तो विरोध त्यांनी केला असता का, हेही त्यांना विचारावे, आणि त्यांचे उत्तर पुढच्या भरतीची जाहिरात काढणाऱ्यांना ऐकवावे.