हँगर कोणाचे? जमीन जनतेची, नियमही जनतेसमोर हवेत!

नांदेड, लातूरच्या विमानतळांची चर्चा निघाली की विमान कधी सुरू होणार आणि तिकीट किती, एवढेच बोलले जाते. धावपट्टीशेजारच्या जागेचे काय, हे कोणी विचारीत नाही. हँगर म्हणजे विमान ठेवण्याची व दुरुस्त करण्याची मोठी शेड. ती कोणाला, किती भाड्याने, किती वर्षांसाठी आणि कोणत्या कामासाठी द्यायची, हा प्रश्न सार्वजनिक मालमत्तेचा आहे. म्हणूनच तो आपलाही आहे.

२००९ साली नांदेड, लातूर, यवतमाळ, बारामती आणि तेव्हाचे उस्मानाबाद हे पाच विमानतळ ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एकाच उद्योगसमूहाकडे सोपविण्यात आले. पुढे ते परत घेण्याची भाषा खुद्द राज्यकर्त्यांनीच केली. नांदेडला २०१७ साली 'उडान' योजनेतून हैदराबादचे विमान सुरू झाले, लातूरला नियमित प्रवासी सेवा रुजलीच नाही. विमान नसलेल्या विमानतळावर जागा कोणाच्या उपयोगी पडते? वर्षातून चार वेळा येणाऱ्या धनदांडग्यांच्या खासगी विमानांच्या?

अमेरिकेत सरकारी मदत घेतलेल्या विमानतळांवर लोक हँगरमध्ये घरसामान आणि मोटारी भरून ठेवीत. तेथील विमान वाहतूक प्रशासनाने २०१६ साली धोरण जाहीर केले आणि १ जुलै २०१७ पासून ते लागू झाले. हँगर विमानविषयक कामासाठीच. इतर सामानाने त्या कामात अडथळा येता कामा नये. तेथे राहता येणार नाही. विमानांकडून मागणीच नसेल तर तात्पुरता अन्य वापर करता येतो, पण परवानगीने आणि बाजारभावाने. भांडवलशाहीचे माहेरघर असलेला देश एवढा हिशेब मागतो, मग समाजवादी म्हणविणाऱ्या प्रजासत्ताकाने का मागू नये?

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. रमणा दयाराम शेट्टी खटल्यात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाचे कंत्राट होते. न्या. भगवती यांनी सांगितले की विमानतळ प्राधिकरण हे 'राज्य'च आहे. स्वतः ठरविलेल्या अटी त्याला मनमानीने मोडता येणार नाहीत. हा कलम १४ चा समतेचा दंडक आहे. उपाहारगृहाला जो लागू, तो हँगरला का नाही?

आमची मागणी साधी आहे. हँगर आणि मोकळ्या जागेचे वाटप जाहिरात देऊनच व्हावे. भाडे, मुदत व वापराचा उद्देश जाहीर करावा. जागा अडवून ठेवणाऱ्याचा करार रद्द व्हावा. विमान देखभालीचे काम येथे येणार असेल तर अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलामुलींच्या प्रशिक्षणाची अट करारातच घालावी. बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे मांडले. ती मालकी सोडणाऱ्या सरकारने निदान अटी तरी सोडू नयेत.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार सवलती व परवाने कोणाला दिले, हे सार्वजनिक प्राधिकरणाने आपणहून जाहीर करायचे असते. करत नसेल तर अर्ज करा. आणि एक लक्षात ठेवा. शेट्टी खटल्यात तत्त्व जिंकले, पण अर्जदार उशिरा आला आणि तोवर दुसऱ्याने खर्च केला होता, म्हणून त्याला दिलासा मिळाला नाही. करार झाल्यावर मोर्चा काढून उपयोग नाही. जागे व्हायचे तर आताच!