टेलिफोनही सार्वजनिक पाणवठाच!

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून अपंगांना ‘दिव्यांग’ हे नाव बहाल केले. ज्यांना ऐकूच येत नाही त्यांनाही हे नाव आकाशवाणीवरूनच मिळाले! नाव वरून बहाल करायचे आणि हक्क मात्र अडवून ठेवायचा, हा प्रकार आंबेडकरी समाजाला नवा नाही. ‘हरिजन’ म्हणून आम्हालाही असेच गोंजारले गेले. ते नाव आम्ही नाकारले, कारण आम्हाला दया नको होती, हक्क हवा होता. म्हणून बहिऱ्या माणसाच्या टेलिफोनचा प्रश्न या स्तंभात मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

२०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख नोंदली गेली. हे कान कुणाचे? मुंबईच्या गिरण्यांत तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचे निमित्त करून आमच्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. त्यांच्या वाट्याला आली ती कमी पगाराची, चात्यांच्या घरघराटाची खाती. आवाजाने येणारा बहिरेपणा हा कायद्यात नोंदलेला व्यवसायजन्य रोग आहे. पण कष्टकऱ्याचा कान गेला तर घरात ‘वय झालं’ म्हणतात आणि विषय संपतो. आज रेशन, पेन्शन, बँक, दवाखाना सारे काही फोनवर आले आहे. ज्याला फोन ऐकू येत नाही, तो या सगळ्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो.

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. अमेरिकेत मार्च १९९० मध्ये अपंग कार्यकर्ते आपल्या चाकाच्या खुर्च्या सोडून संसदेच्या पायऱ्या रांगत चढले. त्याच वर्षी जुलैमध्ये तेथे अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. बहिऱ्यांसाठी टेलिफोनची मध्यस्थ सेवा पुरवणे त्याने कंपन्यांवर बंधनकारक केले. पुढे त्यातूनच अक्षरे दाखवणारा फोन आला. ऐकू कमी येणारा माणूस स्वतःच्या आवाजात बोलतो, समोरच्याचे बोलणे जमेल तेवढे ऐकतो आणि तेच बोलणे त्याच्या पडद्यावर अक्षरांत उमटते. पूर्वी केंद्रातला कर्मचारी ते बोलणे संगणकापुढे पुन्हा उच्चारत असे. आता बरेच काम यंत्रच करते. खर्च कंपन्यांच्या वर्गणीतून उभ्या केलेल्या निधीतून भागतो. ग्राहकाकडून जादा दर घेता येत नाही आणि मध्यस्थाला संभाषण कुणाला सांगण्यास कायद्याने मनाई आहे.

आपल्याकडे कायदा नाही काय? आहे! भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. २०१६ च्या कायद्याने माहिती व दळणवळणाची साधने सुगम करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. पण २०१७ च्या नियमांतील निकष इतके मोघम होते की ते पाळले काय आणि न पाळले काय, सारखेच! ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात यावर बोट ठेवले. नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवून बंधनकारक निकष करण्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

कागदावरचा हक्क म्हणजे काय, हे आम्हाला महाडने शिकवले आहे. १९२३ मध्ये बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले; पण पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली. आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. टेलिफोनची तारही सार्वजनिक पाणवठाच आहे. ‘खुली आहे’ असे म्हणून भागत नाही. माणसाला तिथपर्यंत पोहोचता आले पाहिजे.

पैसा नाही, ही सबब चालणार नाही. दूरसंचार कंपन्यांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या ‘डिजिटल भारत निधी’च्या २०२४ च्या नियमांत अपंगांचा आणि सामाजिक, आर्थिक दुर्बल घटकांचा स्पष्ट उल्लेख आहे. तंत्र नाही, ही सबबही खोटी आहे. बोललेले मराठी अक्षरांत उतरवण्याची सोय गूगलने २०१७ मध्येच आणली. खुणांच्या भाषेचे दुभाषी वाढलेच पाहिजेत. परंतु साठीत कान गेलेल्या कामगाराला ती भाषा येत नाही. त्याला अक्षर हवे. तेही मराठी अक्षर, आणि गुप्ततेच्या हमीसह. महागडा फोन घेणाऱ्यालाच ही सोय मिळणार असेल, तर ती नव्या वर्णव्यवस्थेची पायरी ठरेल.

ज्यांना वाचता येत नाही, त्यांना पडद्यावरच्या अक्षरांचा उपयोग नाही, हेही खरे. म्हणूनच ‘शिका’ हा आदेश आमच्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीतही संपलेला नाही. विहाराविहारांत प्रौढांचे वर्ग पुन्हा सुरू करा. वस्तीतल्या श्रवणबाधितांची यादी करा. ज्या कार्यालयाची मदतवाणी केवळ कानावर चालते, त्याविरुद्ध राज्य आयुक्तांकडे कलम ८० खाली लेखी तक्रार करा. आणि १४ एप्रिलला कानठळ्या बसवणारे डीजे आपणच लावत असू, तर तेही बंद करा!

मूकनायकाने मुक्यांना वाचा दिली. आता ज्यांच्यापर्यंत आवाजच पोहोचत नाही, त्यांच्यापर्यंत अक्षर पोहोचवणे हे आमचे काम आहे. जय भीम!