एकाच नदीवरच्या दोन नावा

जानेवारी २०२४ मधल्या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. १८ जानेवारीला बडोद्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची नाव उलटली. बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. पाचच दिवसांनी, २३ तारखेला, गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली आणि मिरची तोडायला पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात निघालेल्या सहा बाया बुडाल्या. पहिल्या घटनेची गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ठेका कोणाला दिला, करारात काय लिहिले होते, जॅकेट किती होती, महापालिकेने तपासणी केव्हा केली, असे प्रश्न देशभर विचारले गेले. दुसऱ्या घटनेत शोधमोहीम झाली, हळहळ झाली, मदतीच्या घोषणा झाल्या. करारात काय लिहिले होते, असे तिथे कोणी विचारले नाही, कारण विचारायला करारच नव्हता.

माणसाच्या जिवाची किंमत दोन ठिकाणी दोन, असा सोपा निष्कर्ष यातून काढता येईल, आणि तो खोटाही नाही. पण मला इथे दुसरेच काही सांगायचे आहे. आपल्याकडे नियम नावेकडे पाहून होत नाहीत. नावेत कोण बसले आहे आणि तिच्यामागे कोण उभे आहे, हे पाहून होतात. ज्या नावेचे तिकीट निघते तिला धोरण मिळते, ठेकेदार मिळतो आणि बुडालीच तर चौकशीही मिळते. ज्या नावेत मजूर बाई आठाण्याची बिदागी देऊन वर्षानुवर्षे बसत आली, ती सरकारच्या डोळ्यांना दिसतच नाही.

असे नेहमीच होते असे मात्र नाही. इंग्रजी अमदानीत १८७८ सालचा उत्तर हिंदुस्थानातील नावघाटांचा कायदा मध्य प्रांतालाही लागू होता, आणि आजचे चंद्रपूर-गडचिरोली म्हणजे तेव्हाचा चांदा जिल्हा त्यात येत होता. सार्वजनिक नावघाट सरकारचा, त्याचा लिलाव व्हायचा, दरपत्रक ठरायचे, घेणाऱ्यावर अटी असायच्या. इंग्रजाला प्रवाशांचा कळवळा होता म्हणून हे झाले नाही; घाटाचा महसूल येत होता म्हणून झाले. पुढे पूल बांधले गेले, रस्ते झाले, घाटाचे उत्पन्न आटले, आणि उत्पन्नाबरोबर सरकारचे लक्षही आटले. आज आमच्या भागात 'घाटाचा लिलाव' म्हटले की कोणालाही रेतीघाटच आठवतो. नदीतून वाळू किती ब्रास निघाली याचा हिशेब महसूल खात्याला हवा असतो. तीच नदी रोज किती माणसे ओलांडतात, याचा हिशेब कोणाला हवा आहे?

आंतरदेशीय नौकांचा १९१७ सालचा केंद्रीय कायदा मुळात वाफेच्या बोटींसाठी केलेला. वल्ह्याची किंवा बांबूने ढकलायची नाव त्याच्या कक्षेबाहेर राहिली, ती शंभर वर्षांहून अधिक काळ. २०२१ मध्ये त्याच्या जागी नवा आंतरदेशीय नौका कायदा आला आणि २०२२ मध्ये लागू झाला. यात प्रथमच बिगरयांत्रिक नावांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. अशा नावांची नोंद आणि सुरक्षिततेची किमान काळजी राज्य सरकारांनी स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवावी, अशी त्याची कल्पना. कल्पना चांगली आहे. पण वैनगंगेच्या आणि प्राणहितेच्या काठांवर मी जे डोंगे पाहिले, त्यातल्या एकावरही नोंदणीचा क्रमांक पाहिल्याचे मला आठवत नाही. आणखी गमतीचा भाग असा की २०१६ च्या कायद्याने देशातल्या एकशे अकरा जलमार्गांना राष्ट्रीय दर्जा दिला, त्यांत वैनगंगा-प्राणहिता आहे आणि पैनगंगा-वर्धाही आहे. म्हणजे चंद्रपूर जिल्हा कागदावर दोन्ही अंगांनी राष्ट्रीय जलमार्गांनी वेढलेला आहे! गणपूरच्या बाया जी नदी ओलांडत होत्या, ती हीच वैनगंगा.

आता याच नदीवर थोडे वर जाऊ. भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्दचे धरण आहे. राजीव गांधींनी १९८८ मध्ये त्याची पायाभरणी केली, २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्याच्या जलाशयात जलपर्यटनाचा सुमारे शंभर कोटींचा प्रकल्प राज्य सरकारने हाती घेतला आणि २०२४ मध्ये त्याचे भूमिपूजनही झाले. पर्यटनाला माझा विरोध नाही. धरणात गाव गेलेल्या कुटुंबातल्या पोराला तिथे चार पैशांची नोकरी मिळाली तर मला आनंदच होईल. मुद्दा एवढाच, की एकाच नदीवर, एकाच राज्यात, वरच्या अंगाला विरंगुळ्याच्या बोटींसाठी धक्के आणि आराखडे, आणि खालच्या अंगाला पोटासाठी जाणाऱ्या डोंग्यासाठी एक साधे जॅकेटही नाही.

असे का होते, याचे उत्तर दबाव या एका शब्दात आहे. तो शब्द आपण नेहमी शिवीसारखा वापरतो. वास्तविक संघटित धंद्याने सरकारदरबारी आपली बाजू मांडणे यात गैर काही नाही. कित्येकदा त्यातून नियम सुधारतातही. साहसी पर्यटनाचेच पाहा. त्यात जलक्रीडाही येतात. राज्य सरकारने २०१८ च्या जुलैमध्ये या क्षेत्रासाठी काढलेला निर्णय अव्यवहार्य आहे, अशी हरकत या क्षेत्रातल्या जाणत्या मंडळींनी घेतली. त्यांनी संघटना बांधली, स्वतःच्या सुरक्षा-सूचना लिहून काढल्या, मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या. २०२१ च्या ऑगस्टमध्ये जमीन, हवा आणि पाणी अशा तिन्ही प्रकारांसाठी नवे धोरण आले. चर्चेला बसायला दोन्ही बाजूंना माणसे होती, म्हणून हे होऊ शकले.

आमच्या ताडोब्याचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातले पर्यटन अंतरिम आदेशाने थांबवले. हॉटेलवाले, प्रवासी कंपन्या, जिप्सीवाले, गाइड सगळे हवालदिल झाले; राज्य सरकारांनीही पर्यटनाची बाजू लावून धरली. १५ ऑक्टोबरला केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाली, गाभा क्षेत्राच्या वीस टक्क्यांपर्यंत पर्यटनाला मुभा देण्यात आली, आणि दुसऱ्याच दिवशी बंदी उठली. चौऱ्याऐंशी दिवसांत सारे मार्गी लागले. (त्यातले बहुतेक दिवस पावसाळ्याचे होते आणि तेव्हा गाभा क्षेत्र बंदच असते, ही गोष्ट त्या गदारोळात कोणाला फारशी आठवली नाही.) आमच्याकडची व्यवस्था मनावर घेते तेव्हा किती वेगाने चालते, हे यावरून कळावे. ताडोब्याच्याच बफर क्षेत्रात आगरझरीला इरई जलाशयावर नौकाविहार आहे. धरण वीज कंपनीचे, काठचे जंगल वनखात्याचे, पाणी शहराला आणि वीज केंद्राला जाणारे; इतक्या धन्यांना सांभाळूनही तिथे पर्यटकाला पाण्यावर नेण्याची सोय होऊ शकली. मग जंगलापलीकडच्या नदीवर ती का होऊ नये?

याच वनप्रदेशाच्या उत्तरेला पेंच आहे. तिथल्या तोतलाडोह जलाशयाची गोष्ट वाचकांपैकी काहींना आठवत असेल. राष्ट्रीय उद्यानातून उठवलेल्या आदिवासींना मध्य प्रदेश सरकारने मासेमारीचे ३०५ परवाने दिले आणि त्याविरुद्धचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९७ च्या मार्चमध्ये न्यायालयाने परवाने कायम ठेवले, पण अटी घालून. प्रत्येकाकडे छायाचित्रासह ओळखपत्र हवे, किनाऱ्यावर चूल पेटवायची नाही, ठरलेल्या वाटेनेच जायचे, वनखात्याने रोज देखरेख करायची. वन्यजीवांच्या दृष्टीने या अटी समजण्यासारख्या होत्या. पण लक्षात घ्या, गरिबाची नाव सरकारला दिसते ती अशी, संशयित म्हणून. त्याच पेंचमध्ये पुढे महाराष्ट्राच्या बाजूला कोलितमाऱ्याहून पर्यटकांसाठी नौकाफेरी सुरू झाली. तिथे नावेत बसणारा पाहुणा असतो.

नदीवर पिढ्यान्‌पिढ्या नाव चालवणारा आमच्याकडचा समाज म्हणजे ढिवर. त्यांच्या मच्छीमार सहकारी संस्था आहेत आणि तलावांच्या ठेक्यांसाठी त्या भांडतातही. पण ते भांडण मासळीचे. माणसे पार करण्याच्या कामासाठी कोणी संघटना काढल्याचे माझ्या ऐकिवात नाही, आणि ती निघणारही कशी? एका घाटावर एक नाहीतर दोन डोंगे. दोन पैसे मिळतात ते सुगीच्या, मिरचीच्या आणि यात्रेच्या दिवसांत. मार्कंडाच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला पलीकडून भाविक येतात, तेव्हा या नावाड्यांची प्रशासनाला आठवण होते, पोलीस काठावर येतात, सूचना दिल्या जातात. यात्रा उठली की नदी पुन्हा मोकळी. आणि ज्या बायका त्या नावेत बसतात, त्यांची संघटना तर त्याहून दूर. पहाटे स्वयंपाक उरकून, डबा बांधून, मुकादमाने सांगितलेल्या घाटावर वेळेत पोचणे एवढेच त्यांच्या हाती असते. आष्टीला पूल आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे. पुलाचा वळसा घालून जायचे तर गाडीभाडे मजुरीतून जाते आणि तोडणीचा अर्धा दिवसही.

मग नियम आणावेत का? इथे मला थोडे सावध बोलले पाहिजे. अपघात झाला की आपल्याकडे पहिला आदेश बंदीचा निघतो. २०१७ च्या जुलैत नागपूरजवळ वेणा जलाशयात तरुणांची नाव बुडाली. २०२१ च्या सप्टेंबरात वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत दशक्रियेसाठी आलेल्या एकाच नातेपरिवारातले अकरा जण गेले. मे २०२४ मध्ये उजनीच्या जलाशयात कुगाव-कळाशीच्या मध्ये सहा जण गेले. प्रत्येक वेळी 'अनधिकृत नावा बंद करा' ही मागणी झाली. बंद करणे सोपे आहे. पण गणपूरचा डोंगा बंद केला म्हणून पलीकडची मिरची थांबत नाही. बाई चोरून जाईल, अंधारात जाईल, जुन्या फुटक्या नावेतून जाईल, आणि नावाड्याच्या डोक्यावर चिरीमिरी मागणारा आणखी एक हात येईल. नावाड्यांशी बोलताना नोंदणीचा विषय काढला की त्यांच्या चेहऱ्यावर हीच भीती मी पाहिली आहे. त्यांचा सरकारी कागदाचा अनुभव वनखात्याच्या नाक्यावरचा आहे, हे विसरून चालणार नाही.

नुसता परवाना म्हणजे सुरक्षितता, असेही नाही. केरळातल्या तेक्कडीला, पेरियार व्याघ्रप्रकल्पातल्या जलाशयात, ३० सप्टेंबर २००९ रोजी पर्यटकांची बोट उलटून पंचेचाळीस जण बुडाले. ती बोट खुद्द सरकारी पर्यटन महामंडळाची होती. मुंबईत १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाची वेगवान नौका 'नीलकमल'वर आदळून पंधरा जण गेले, तेव्हा चूक प्रवासी बोटीची नव्हती. पण परवाना चौऱ्याऐंशी प्रवाशांचा आणि आत शंभरावर माणसे, हे त्यातूनच उघड झाले. त्यानंतर मात्र गेटवेला जॅकेटांची सक्ती कडक झाली. कारण तिथे ती करायला खाते होते, धक्का होता, तपासनीस होता.

वैनगंगेच्या काठी असा तपासनीस नेमायला नवा कायदा लागत नाही. २०२१ चा कायदा ग्रामपंचायतीला ते करू देतो, राज्याने तसे सोपवले की झाले. गोसीखुर्दपासून सिरोंच्यापर्यंत माणसे ओलांडणारे घाट किती, हे एका उन्हाळ्यात मोजून होईल. प्रत्येक डोंग्याची ग्रामपंचायतीत फुकट नोंद व्हावी. काठावरच्या एका पाटीवर डोंग्यात किती माणसे बसायची ते गावाच्या भाषेत लिहिलेले असावे, तेलुगू भागात तेलुगूतही. नोंद केली की नावाड्याला जॅकेट मिळावीत, म्हणजे नोंदीची भीती जाऊन तिची गरज वाटू लागेल. जॅकेट नावेत ठेवून भागणार नाही. लुगडे नेसलेल्या, कडेला डबा लावलेल्या बाईला ते अंगात चढवता आले पाहिजे, म्हणून ते विकत घेण्याआधी तिलाच घालून पाहायला द्यावे. मजुरांना पलीकडे बोलावणारा शेतकरी आणि मुकादम यांच्यावर नावेचे भाडे आणि नावेतली गर्दी या दोन्हींची जबाबदारी टाकावी. आज ती सारी नावाड्यावर येऊन पडते. आणि गोसीखुर्दचे दरवाजे उघडताना गावांना जो इशारा जातो, तो या घाटांवर नावानिशी पोचला पाहिजे. या सगळ्याचा खर्च जिल्हा नियोजनाच्या निधीत कुठल्याशा शीर्षाखाली बसेल. बसत नसेल तर जलपर्यटनाच्या शीर्षाखाली बसवावा. नदी तीच आहे.

मिरचीची तोडणी दरवर्षी जानेवारीच्या सुमारास जोर धरते. त्या आधी, दिवाळीनंतर पाणी उतरते तेव्हा, डोंगे काठावर ओढून डांबर लावायला काढतात. नोंद करायला येणाऱ्याला सगळ्या नावा तेव्हा एका जागी सापडतील.