काकपदाला हाकलू नका

आपल्या भित्तिपत्रकाच्या संपादक मंडळाने या महिन्यात नवा नियम केला आहे. ज्या लेखात काकपद असेल तो लेख परत द्यायचा व सगळा पुन्हा लिहून आणायचा. का, तर काकपद घाण दिसते. मला हा नियम पटला नाही.

काकपद म्हणजे ^ ही खूण. लिहिताना शब्द राहिला तर त्या जागी ही खूण करून वर तो शब्द लिहितात. काकपद म्हणजे कावळ्याचा पाय. पण कावळ्याला पुढे तीन बोटे नि मागे एक असते, खुणेत तर दोनच रेघा! हिला हंसपद पण म्हणतात. आमच्या वर्गात कोणी टोपी म्हणतं, कोणी छप्पर. इंग्रजीत कॅरेट. सोन्याचा कॅरेट वेगळा. गुरुजींनी सांगितले की हा शब्द लॅटिन भाषेतला आहे आणि त्याचा अर्थ 'कमी आहे'. मला हेच नाव जास्त आवडले.

कॉम्प्युटरवर ६ च्या बटणावर ही खूण असते. तिथे ५^२ म्हणजे ५ चा वर्ग, २५. फ्रेंच लोक ती अक्षराच्या डोक्यावर घालतात. त्यांच्या हॉस्पिटल या शब्दातला 'स' पूर्वीच गळून गेला, म्हणून शेजारच्या 'ओ' वर ही टोपी आली. म्हणजे तिथेही काहीतरी गेल्याचीच खूण! आपल्याकडे छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हाताने उतरवत. अक्षर राहिले तर काकपद करून ते समासात लिहीत. अख्खे पान फाडत नसत.

मागच्या महिन्यात अण्णांनी वांग्यावर औषध मारले. बांधावर लावायचा पुठ्ठा मी लिहिला, 'औषध मारले आहे. गवत कापू.' त्यात 'नये' राहिलेच! ताईने वाचले नि ओरडली, "अगं, लोकांच्या शेळ्या मरतील की!" दुसरा पुठ्ठा घरात नव्हता. मग मी काकपद केले आणि वर 'नये' लिहिले, चांगले मोठे. दुपारी शेजारच्या काकू विळा घेऊन आल्या, पुठ्ठा वाचला आणि माघारी गेल्या.

आता एका मुलाच्या लेखात अकरा काकपदे होती हे खरे आहे. तिथे कावळ्यांची सभाच भरली होती. त्याने पुन्हा लिहावे. पण एका शब्दासाठी पूर्ण कागद? आणि दुसऱ्यांदा उतरवताना आणखी निराळेच शब्द राहतात. तिसरीतल्या एका मुलीचा लेख असाच दोनदा परत गेला. आता ती लेख देतच नाही. तिने आपल्या शेळीबद्दल लिहिले होते. मी वाचलाय, चांगला होता.

माझ्या मते एका पानावर तीन काकपदे चालू द्यावीत. आणि संपादक मंडळाने त्या मुलीकडे स्वतः जाऊन तो लेख मागून आणावा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी