डबे दोन, धडा एक

जयपूर म्हटले की हवामहल आणि लहरियाच्या साड्या डोळ्यांपुढे येतात. पण याच शहराच्या सांगानेर भागात कागजी घराणी पिढ्यान्‌पिढ्या हाताने कागद बनवत आली आहेत. आपल्या दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यासारखीच ही परंपरा. सुती कापडाच्या चिंध्या बारीक कापायच्या, पाण्यात घोटून लगदा करायचा, तो जाळीच्या चौकटीवर उचलायचा आणि दाबून वाळवायचा. झाड न तोडता झालेला हा कागद परदेशातही जातो.

त्याच जयपुरात १९४७ साली स्थापन झालेले राजस्थान विद्यापीठ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय देशभर पदवीच्या वर्गात सक्तीचा झाला. त्यामुळे पुनर्वापराची व्याख्या लिहिणे आज कोणत्याही विद्यार्थ्याला अवघड नाही. अडचण सुरू होते ती कॅंटीनपाशी! झेरॉक्सचे कोरडे कागद, उरलेला समोसा आणि चहाचा पेला एकाच डब्यात पडले, की तेलकट, भिजलेला कागद लगद्यासाठी निकामी होतो. कागदी म्हणवणाऱ्या पेल्यालाही आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, हे किती जणांना ठाऊक असते?

राजस्थानात २०१० पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा ठेवणे २०१६ च्या नियमांनी देशभर बंधनकारक केले. पण नियम काही डब्याशी उभा राहत नाही. तिथे सवयच लागते.

शिवाय हा डबा उपसणारे हात असतात, बहुतेकदा बायकांचे. पुण्यात एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या कार्यकर्त्यांनी १९९० च्या सुमारास कचरावेचक महिलांमध्ये काम सुरू केले. घरातच वेगळा केलेला सुका कचरा मिळू लागला, तेव्हा या बायकांचे उकिरड्यावरचे तास कमी झाले आणि कमाई वाढली. त्यातूनच १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ आणि पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली.

तेव्हा तुमची मुलगी किंवा मुलगा कॉलेजात असेल, तर गुणांबरोबर एवढेही विचारा : झेरॉक्सच्या दुकानाशी कोरड्या कागदाचा वेगळा डबा आहे का? नसेल तर चार मित्रांनी मिळून प्राचार्यांकडे तो मागावा. घरी मात्र कुणाकडे मागायची गरज नाही. दोन डबे आजच ठेवता येतील.